पाच डिसेंबरचा डबा आणि पंचवीस डिसेंबरचा मोजा: नागपुरातल्या एका घरगुती बेकरीचा अनुभव

गेल्या हिवाळ्यात माझी मुलगी, जावई आणि दोन नातवंडे मिशिगनहून नागपूरला आली आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसापर्यंत आमच्याकडे राहिली. जावयांचे वडील नेदरलँड्समधल्या लायडन शहरातले, तर आई मिशिगन राज्यातल्या हॉलंड या गावची. हे गाव आल्बर्टस व्हान राल्टे या धर्मोपदेशकाबरोबर आलेल्या डच कुटुंबांनी १८४७ मध्ये वसवले. त्यामुळे वर्षाअखेरचे सण त्या घरात दोन पंचांगांनी चालतात आणि कोणत्या दिवशी काय खायचे व कोणती भेट केव्हा द्यायची, याचे नियम ठरलेले आहेत. आल्या आल्या सहा वर्षांच्या नातीने मला विचारले, "आजी, सिंटरक्लासला नागपूरचे घर सापडेल ना?" (सिंटरक्लास म्हणजे डच मुलांना भेटी आणणारे संत निकोलस.) मुंबई-पुण्यात नाताळच्या खाऊची दुकाने पुष्कळ आहेत, आपल्याकडेही नागपुरातल्या सदर नावाच्या भागात डिसेंबरात प्लम केक मिळतो, परंतु मला हवे होते ते डच पद्धतीचे, आणि त्यातही अमेरिकेत राहून थोडे बदललेले. चौकशी करता करता त्रिमूर्ती नगरातल्या एका घरगुती बेकरीचा पत्ता लागला.

ही बेकरी एक तरुण गृहिणी घराच्या मागच्या दोन खोल्यांत चालवते. मदतीला तिच्या जाऊबाई असतात. डिसेंबरात तिच्याकडे झेपतील तेवढ्याच मागण्या घेतल्या जातात, म्हणून नाव छापू नये अशी तिनेच विनंती केली आणि मी ती मान्य केली. तिच्याकडे पूर्वी एका डच कंपनीत काम करून परतलेले ग्राहक येत असत आणि त्यांच्यामुळे तिने हे पदार्थ शिकायला सुरुवात केली. आमची मागणी सात पदार्थांची होती आणि ते चार वेगवेगळ्या दिवशी हवे होते. हे वेगळे दिवस का, ते आधी सांगणे आवश्यक आहे, कारण माझी प्रशंसा आणि तक्रार, दोन्ही त्यावरच उभी आहेत.

नेदरलँड्समध्ये भेटवस्तूंचा खरा दिवस २५ डिसेंबर नसून ५ डिसेंबरची संध्याकाळ असते. संत निकोलस हे आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा नगरीचे बिशप. त्यांचा स्मृतिदिन ६ डिसेंबर, आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी सिंटरक्लास या रूपात ते घरोघरी येतात. ते नोव्हेंबरच्या मध्यास स्पेनहून जहाजाने येतात आणि पांढऱ्या घोड्यावर बसून छपरांवरून फिरतात, असे मुलांना सांगितले जाते. म्हणून मुले रात्री बुटात घोड्यासाठी गाजर ठेवून झोपतात आणि सकाळी त्याच बुटात त्यांना खाऊ मिळतो. मोठी माणसे एकमेकांना भेटीसोबत यमक जुळवून लिहिलेली कविता देतात आणि त्यात त्या माणसाच्या वर्षभरातल्या खोड्या प्रेमाने उघड्या केलेल्या असतात. हाच सिंटरक्लास न्यू ॲमस्टरडॅमच्या डच वसाहतीतून अमेरिकेत पोहोचला, असे मानले जाते. १६६४ मध्ये ते शहर इंग्रजांनी घेतले आणि त्याचे न्यूयॉर्क झाले, तरी नाव टिकले, आणि पुढे इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी त्याचे सांता क्लॉज झाले. 'कुकी' हा शब्दही डच 'कुक्ये'वरूनच आला. म्हणजे जावयांच्या घरी एकच म्हातारा दोनदा येतो, एकदा बिशपच्या टोपीत आणि एकदा लाल कोटात. मुलांनी दोन्हीकडून भेटी मागू नयेत म्हणून त्यांच्या वडिलांनी लहानपणापासून नियम केला: खऱ्या भेटी ५ डिसेंबरला, आणि २५ तारखेला फक्त सांतासाठी टांगलेला पायमोजा, त्यात खाऊ, एखादे पुस्तक आणि तळाशी, अंगठ्याच्या जागी, एक संत्रे.

सर्वांत आधी आला तो पंपकिन पाय, म्हणजे भोपळ्याचे गोड सारण भरून भाजलेला पदार्थ, २७ नोव्हेंबरला, गुरुवारी. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग हा आभार मानण्याचा सण साजरा होतो. अब्राहम लिंकन यांनी १८६३ मध्ये तसा राष्ट्रीय दिवस जाहीर केला आणि १९४१ मध्ये चौथा गुरुवार कायद्याने कायम झाला. आपल्या विदर्भात कोहळे, म्हणजे लाल भोपळा, घरोघरी येते, पण ते पाणी फार सोडते आणि त्याच्या गरात पाय नीट बसत नाही, हे बेकरीवालीने पहिल्याच प्रयत्नात ओळखले होते. तिने कोहळे भट्टीत भाजले, गर फडक्यात बांधून श्रीखंडाच्या चक्क्यासारखा रात्रभर टांगून ठेवला आणि अंड्याऐवजी आटवलेले गोड दूध आणि थोडे कॉर्नफ्लोअर वापरून तो घट्ट केला. कापताना फोडी सरळ सुटल्या, मधला भाग थरथरला पण ओघळला नाही. दालचिनी आणि सुंठ यांचे प्रमाण योग्य होते. माझ्या सासूबाईंना तो आपल्या कोहळ्याच्या बोंडांच्या जवळचा वाटला आणि त्यांनी दुसऱ्यांदा घेतला. त्या जेवणात जावयांनी मॅश केलेल्या बटाट्याच्या जागी हुत्स्पॉट केले, म्हणजे गाजर, बटाटा आणि कांदा एकत्र शिजवून ठेचलेली भाजी. लायडनमध्ये ती ३ ऑक्टोबरला करतात, कारण १५७४ मध्ये त्या दिवशी स्पॅनिश सैन्याचा वेढा उठला. थँक्सगिव्हिंगची प्रथा ज्यांच्यापासून मानतात ते, पुढे अमेरिकेस गेलेले इंग्रज पिलग्रिम १६०९ ते १६२० ही वर्षे याच लायडनमध्ये राहिले होते, म्हणून थँक्सगिव्हिंगच्या ताटात हुत्स्पॉट असावे, हा जावयांच्या वडिलांचा आग्रह. पायला मी पूर्ण गुण देते. फक्त खालचा तळ थोडा जाड होता, हे नोंदवून ठेवते.

आता मुख्य डबा, ५ डिसेंबरचा. त्यात चार गोष्टी होत्या: स्पेक्युलास, छोटी मसालेदार बिस्किटे, चॉकलेटची अक्षरे आणि बदामाच्या सारणाचे बांकेत.

स्पेक्युलास हे साच्यात दाबून केलेले पातळ, कुरकुरीत बिस्किट असते. त्याचा आत्मा म्हणजे मसाला: दालचिनी सर्वांत अधिक, मग लवंग, जायफळ, जायपत्री, सुंठ, पांढरी मिरी आणि काही घरांत वेलदोडा. डच स्वयंपाकघरात हा मसाला आला तो समुद्रमार्गे. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीने बांदा बेटांवरचे जायफळ रक्तपात करून आपल्या हाती घेतले, सिलोनच्या दालचिनीचा व्यापार ताब्यात ठेवला आणि १६६३ पासून १७९५ पर्यंत कोचीन सांभाळले. आपल्या कोकणात वेंगुर्ल्यालाही त्यांची वखार होती आणि तिचे अवशेष आजही उभे आहेत. त्या मसाल्याची पुडी इतवारीच्या किराणा ओळीतून आणून पुन्हा डच बिस्किटात घालताना मला ही सारी वाट आठवत होती.

नमुना म्हणून पहिल्यांदा आलेल्या बिस्किटात फक्त दालचिनी आणि साखरेचा करपट गोडवा होता. बाजारात जी बेल्जियमची बिस्किटे मिळतात, त्यांची चव तशीच असते. ती वाईट नव्हे, पण ते स्पेक्युलास नव्हे. मुलीने फोनवर समजावून सांगितल्यावर बेकरीवालीने काहीही वाद न घालता लवंग आणि जायफळ वाढवले, मिरी घातली आणि मुख्य म्हणजे मळलेले पीठ एक रात्र थंड जागी ठेवले, कारण मसाला पिठात मुरायला तेवढा वेळ लागतोच. दुसरा नमुना आला तेव्हा जावयांनी एक बिस्किट तोंडात टाकले आणि बराच वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "आई, हे माझ्या आजीच्या डब्यातले आहे." त्यांनी सोबत आजीचा लाकडी साचा आणला होता, एका बाजूस पवनचक्की आणि दुसऱ्या बाजूस बिशप कोरलेला. साच्यात तांदळाचे पीठ भुरभुरून पीठ दाबायचे आणि उलटा ठोकून काढायचे, हे तिला शिकवावेच लागले नाही. होळीच्या गाठ्यांचे साचे तिच्या माहेरी होते. या बिस्किटात मुळातच अंडे लागत नाही, म्हणून आमच्यासारख्या शाकाहारी घरांना त्यात काही अडचण नाही. नागपूरची डिसेंबरची कोरडी थंडी त्याला मानवते. पत्र्याच्या डब्यात तीन आठवडे ते कुरकुरीत राहिले.

छोट्या बिस्किटांबाबत एक दुरुस्ती हवी. बेकरीच्या यादीत त्यांना 'पेपरनोटन' म्हटले आहे. खरे पेपरनोटन मऊ, चिवट, वेडेवाकडे आणि बडीशेपेच्या वासाचे असतात. जी कडक, गोल, स्पेक्युलासच्या मसाल्याची आली, ती 'क्रॉइतनोटन'. जावयांनी सांगितले की नेदरलँड्समध्येही लोक सर्रास घोटाळा करतात, तेव्हा मी याला दोष म्हणत नाही; पण यादी दुरुस्त झाली तर बरे होईल. चवीला ती उत्तम होती. सिंटरक्लासचे मदतनीस ती मूठभर घेऊन खोलीत उधळतात आणि मुले वेचतात, या रिवाजाप्रमाणे आमच्याही हॉलमध्ये ती उधळली गेली. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन दारोदार बोजारा मागणारी मुले ज्या उत्साहाने खाऊ गोळा करतात, तो उत्साह मला त्या संध्याकाळी पुन्हा दिसला.

या मदतनिसांमुळेच डब्यावरून एक अडचण निर्माण झाली होती. बेकरीवालीने डब्यावर चिकटवण्यासाठी इंटरनेटवरून जे चित्र घेतले, त्यात चेहऱ्याला काळा रंग फासलेला, जाड लाल ओठांचा जुन्या पद्धतीचा 'झ्वार्ते पीत' होता. कृष्णवर्णीयांचा तो अपमान आहे असे सांगत नेदरलँड्समध्ये गेली अनेक वर्षे आंदोलने झाली आणि आता बहुतेक ठिकाणी मदतनिसांच्या गालांवर फक्त धुरांड्यातल्या काजळीचे फराटे असतात. जावयांच्या घरी तर हे पात्र केव्हाच बदलले होते. मी बेकरीवालीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "काकू, मला हे ठाऊक नव्हतं, मी आत्ताच काढते." दुसऱ्या दिवशी तिने घोडा आणि गाजर यांचे साधे चित्र पाठवले आणि त्याच हप्त्यातल्या इतर ग्राहकांच्या डब्यांवरही तेच लावले. चूक कळल्यावर ती अशा तऱ्हेने सुधारणारा दुकानदार मला विरळा भेटतो, म्हणून हे सविस्तर लिहिले.

बुटाच्या प्रश्नावर तिने सुचवलेला उपायही मला फार आवडला. आमच्याकडे पादत्राणे देवघराच्या आसपासही येत नाहीत आणि बुटात खाऊ ठेवायचा म्हटल्यावर सासूबाई अस्वस्थ झाल्या होत्या. बेकरीवालीने जाड पुठ्ठ्याचे, डच लाकडी जोड्याच्या आकाराचे छोटे खोके करून दिले, आत बटर पेपर लावलेला. गाजर ठेवायला गोकुळपेठ बाजारातली गाजरे आणली. रात्री सासूबाईंनी स्वतः ते खोके खिडकीखाली मांडले आणि घोड्यासाठी शेजारी पाण्याची वाटीही ठेवली.

तक्रार आहे ती चॉकलेटच्या अक्षरांची. सिंटरक्लासच्या दिवशी प्रत्येकाला आपल्या नावाच्या आद्याक्षराचे चॉकलेट मिळते, आणि मुलांच्या दृष्टीने तीच सर्वांत मोठी वस्तू. नातवाचे आद्याक्षर इंग्रजी 'एम', नातीचे 'आय'. बेकरीवालीने दोन्ही अक्षरे एकाच जाडीची केली, आणि साहजिकच 'एम' रुंद व वजनदार झाले, तर 'आय' म्हणजे एक सडपातळ कांडी. नातीचे डोळे भरून आले. डच कारखान्यांत अक्षराचा आकार कोणताही असो, वजन सारखे राहावे म्हणून अरुंद अक्षर जाड करतात आणि त्याला मोठ्या आडव्या रेषा जोडतात. ही गोष्ट तिने विचारली नाही आणि मीही सांगितली नाही, हे खरे. तरी वजनावर दर लावणाऱ्या व्यक्तीने ती लक्षात घ्यायला हवी होती, कारण दोन्ही अक्षरांचे दाम मात्र सारखेच घेतले गेले. शिवाय चॉकलेट वनस्पती तुपाचे होते, कोको बटरचे नव्हे, आणि ते टाळूला चिकटते. यादीत तसे लिहिलेले नव्हते. मी विचारल्यावर तिने प्रामाणिकपणे सांगितले, पण विचारल्याशिवाय ग्राहकाला कळायला हवे. याउलट सासूबाईंसाठी तिने देवनागरी 'स' करून दिला होता, शिरोरेषेसह. तो अखंड आला आणि आजवर त्यांच्या फडताळात तसाच आहे. त्या संध्याकाळी कवितांच्या वेळी जावयांनी इंग्रजीत, मुलीने मराठीत आणि सासूबाईंनी थेट उखाण्याच्या चालीवर चार ओळी म्हटल्या. त्यांच्या ओळींत जावयांच्या उशिरा उठण्याचा उल्लेख होता आणि तो डच परंपरेला धरूनच होता.

बांकेतबद्दल मात्र कितीही लिहिले तरी मला कमीच वाटेल. बदाम आणि साखर वाटून केलेले सारण लोण्याच्या पापुद्र्यात गुंडाळून भाजायचे, सरळ कांडीच्या किंवा अक्षराच्या आकारात. आयोवा राज्यातल्या पेला या डच वस्तीत तो 'एस' आकारात विकला जातो आणि तिथे त्याला डच लेटर म्हणतात; मिशिगनमध्ये तो कांडीसारखा असतो. सारणात एरवी लिंबाची साल किसून घालतात. बेकरीवालीने विचारून, परवानगी घेऊन, नागपुरी संत्र्याची साल घातली. तेव्हा आंबिया बहाराची फळे कळमना बाजारात येत होती, साल ताजी आणि तेलकट होती, आणि बदामाच्या जड गोडव्यावर तिचा किंचित कडवट सुगंध असा काही बसला की लिंबाची आठवण राहिली नाही. बाहेरचे पापुद्रे सुटे, आतले सारण ओलसर, कुठेही कोरडे नाही. शेंगदाणे किंवा काजू मिसळून बदाम वाचवण्याचा मोह अनेकांना होतो. इथे तसे अजिबात नव्हते. जावयांच्या आईला व्हिडिओ कॉलवर दाखवले तेव्हा त्यांनी संत्र्याच्या सालीचे प्रमाण लिहून घेतले. सिंटरक्लास बुटात संत्री ठेवतो आणि अमेरिकेतला सांता मोज्यात. दोन्ही घरांत एकच फळ असल्यामुळे नागपूर त्यांच्या सणात परके वाटले नाही.

२५ डिसेंबरच्या मोज्यासाठी घेतलेल्या साध्या कुकीजबद्दल सांगण्यासारखे विशेष नाही. त्या ठीक होत्या. मात्र त्यांच्यासोबत बेकरीने न मागता जोडलेले चॉकलेट अक्षर मी परत केले, कारण ते ५ तारखेचे. संक्रांतीचा तिळगूळ दिवाळीच्या फराळात कोणी ठेवत नाही. अनेक दुकाने डच, अमेरिकी, इंग्रजी असे सारे एकाच 'ख्रिसमस हॅम्पर'मध्ये भरतात, आणि या बेकरीने ती वाट धरू नये असे मला मनापासून वाटते, कारण दिवस सांभाळणे हेच तिचे बळ आहे.

३१ डिसेंबरच्या ओलीबॉलनने थोडी निराशा केली, पण चूक कृतीत नसून वेळेत होती. यीस्टने फुगवलेल्या पिठात मनुका आणि सफरचंदाचे तुकडे घालून गोळे तळायचे आणि वर पिठीसाखर भुरभुरायची. आपल्या गुलगुल्यांचेच हे थोरले भावंड. ते कढईतून निघाल्यावर अर्ध्या तासात खायला हवेत. बेकरीने दुपारी चार वाजता पोहोचवले आणि मध्यरात्रीपर्यंत पिठीसाखर विरघळून ते ओलसर, जड झाले होते. मी तिला सुचवले आहे की फुगवलेले पीठ डब्यात भरून द्यावे आणि तळण्याची कृती कागदावर लिहून द्यावी. तेल मध्यम तापलेले, १८० अंशांच्या आसपास, एवढे सांगितले तरी पुरे. नव्या वर्षाच्या सकाळी सासूबाईंनी उरलेल्या मनुका आणि घरच्या पिठाचे बारा गोळे स्वतः तळले आणि ते अकरा वाजायच्या आत संपले.

दरांविषयी: स्पेक्युलास ४०० ग्रॅमचे ४५० रुपये, क्रॉइतनोटन पाव किलोचे २५०, अक्षर प्रत्येकी २००, बांकेत अर्धा किलो ९००, पाय ८५०, ओलीबॉलन डझनाचे ३६०, आणि पोहोचवण्याचे प्रत्येक वेळी ८० रुपये. बदामाचा आजचा भाव पाहता बांकेत महाग नाही. अक्षर त्या दर्जाला महाग आहे. ५ डिसेंबरचा डबा हवा असेल तर २० नोव्हेंबरपूर्वी सांगावे लागते, अर्धी रक्कम आधी द्यावी लागते आणि साचा स्वतःचा असल्यास ती तो वापरते व धुऊन, तेल लावून परत करते. आमचा पवनचक्कीचा साचा मात्र अजून तिच्याकडेच आहे. होळीच्या गाठ्या त्यात पाडून पाहू का, असे तिने विचारले, आणि जावयांनी मिशिगनहून होकार कळवला आहे.